सुट्टीतल्या यादीत बागा कुठं आहेत?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत ‘सुट्टीत मुलांना कुठं न्याल’ असं अख्खं पान होतं, मी आवडीनं वाचायला घेतलं. त्यात वॉटर पार्क होते, मॉलमधले प्ले झोन होते, ट्रॅम्पोलीनचं काहीतरी होतं, दोन-तीन फार्महाऊस होती. पण आपल्या पुण्यातली एकही बाग नव्हती, खरंच एकही नाही! आणि महापालिकेच्या बागाच दोनशेच्या वर आहेत. म्हणून हे पत्र, जरा मोठं झालंय पण प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही कोथरूडला राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेतीनचा, आणि सासूबाई अडुसष्टच्या, त्याही बरोबर असतातच. गेली दोन वर्षं आम्ही जवळपास दर रविवारी एक बाग किंवा एक मैदान असं करतोय. प्ले झोनला कधीच गेलो नाही असं नाही, पावसाळ्यात जातो. पण तिथं अर्ध्या तासाचं तिकीट असतं आणि माझी मुलगी खेळता खेळता मधेच येऊन विचारते, आई किती मिनिटं राहिली? बागेत तिनं हा प्रश्न आजपर्यंत एकदाही विचारलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 5 ते 17 वयाच्या मुलांची रोज सरासरी 60 मिनिटं तरी चांगली दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. अर्ध्या तासाच्या तिकिटात ते कसं बसणार, आणि रोज कोण नेणार?

आता चांगली बाग शोधायची कशी, कारण हेच कुणी नीट सांगत नाही. मोबाईलवर मॅप उघडला की साडेचार स्टार, चार स्टार दिसतात पण ते स्टार मोठ्या माणसांनी दिलेले असतात, लॉन छान आहे, फोटो छान येतात म्हणून. घसरगुंडी धड आहे का, झोके किती, बाथरूमला कुलूप आहे का हे त्यात क्वचितच कुणी लिहितं. मला सगळ्यात खरी माहिती मिळाली ती स्कूल व्हॅनच्या काकांकडून आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबा लोकांकडून. आणि बिल्डिंगमधल्या मुलांकडून! कुठल्या बागेत उंच झोका आहे, कुठं माती भुसभुशीत आहे, कुठले वॉचमनकाका ओरडत नाहीत, त्यांना सगळं पाठ असतं.

कुणी सांगितलं की मी आधी मधल्या वारी संध्याकाळी ऑफिसमधून येताना एकटी जाऊन दहा मिनिटं बघून येते. पहिलं बघते ते झोक्याखालची जमीन. पाय घासून घासून तिथं खड्डा पडतो आणि माती सिमेंटसारखी टणक होते, आणि खेळताना मुलांना जे मोठं लागतं ते बहुतेक वेळा पडूनच लागतं, त्यामुळे खाली वाळू किंवा रबरी मॅट असेल तर ती बाग माझ्या लिस्टमध्ये वर. मग घसरगुंडीला उलटा हात लावून बघते. पत्र्याची असेल आणि वर झाड नसेल तर मे महिन्यात चटका बसतोच, प्लॅस्टिकची पण तापते बरं का. मग बारांमधल्या फटी. साधारण साडेतीन इंच ते नऊ इंच यामधली फट असेल तर लहान मुलाचं अंग पलीकडे जातं आणि डोकं अडकतं, हे मला आधी माहीत नव्हतं, आता पर्समध्ये शिवणकामाची टेप असते. आणि एक बाक असा हवा की ज्यावर बसून सासूबाईंना दोन्ही मुलं दिसतील. बाहेर पडायला एकच गेट असेल तर सोन्याहून पिवळं, कारण साडेतीन वर्षांचं मूल कधी पळेल याचा नेम नाही.

एक गोष्ट मात्र मला सगळ्या आईबाबांना सांगायचीच आहे. मागच्या वर्षी एका बागेत मुलगा घसरगुंडीवर एकटा बसायला घाबरत होता म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन घसरले. अर्ध्यात त्याच्या बुटाचा रबरी सोल कडेला चिकटला, पाय तिथंच राहिला आणि आम्ही दोघं खाली. नडगीच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं की मूल एकटं असतं तेव्हा त्याचं वजन कमी, पाय अडकला तर ते थांबतं. मांडीवर असलं की आपलं सगळं वजन त्याला पुढे ढकलत राहतं आणि पाय पिरगळतो. मी तर त्याला सांभाळायला म्हणून बसले होते हो. अजून आठवलं की पोटात कसंतरी होतं. तेव्हापासून नियम एकच, जी घसरगुंडी त्याला एकट्याला झेपत नाही ती अजून त्याची नाही, शेजारची छोटी शोधायची, नसेल तर दुसरी बाग. तसंच ओढणी आणि हुडीची नाडी, झोक्यावर किंवा घसरगुंडीवर चढायच्या आधी काढून माझ्याकडे द्यायची. बागेत रोज बघते मी, लहान मुली गळ्यात ओढणी घालून वर चढत असतात आणि छातीत धस्स होतं.

आता तुमच्या पानावर यायला हव्या होत्या त्या जागा. सासूबाई सदाशिव पेठेतल्या, त्यामुळे आमच्या घरी बाग म्हणजे आधी सारसबाग आणि पेशवे पार्क. पार्कातली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, 1956 साली सुरू झाली, सासूबाई तिच्यात फ्रॉक घालून बसल्यात, माझे मिस्टर हाफ पँटमध्ये बसलेत. तेव्हा तिथं प्राणीसुद्धा होते, पुढे ते कात्रजला गेले. आम्ही संध्याकाळी आधी तळ्यातल्या गणपतीला नमस्कार करतो, मग हिरवळीवर मुलं मोकळी सोडतो, मग बाहेर भेळ किंवा पावभाजी. सासूबाई दर वेळी मुलांना सांगतात की इथं वाघ होता, तिथं माकडं होती, आणि मुलं दर वेळी त्या जागेवर जाऊन उभी राहून बघतात. आता मेट्रो पण आहे, वनाजकडून बसायचं, सिव्हिल कोर्टला (आता नाव जिल्हा न्यायालय) बदलायचं आणि स्वारगेटला उतरायचं, पार्किंगची कटकट नाही. मुलांना खरं सांगायचं तर निम्मी मजा मेट्रोतच येते.

त्याहून सोपं म्हणजे जंगली महाराज रोडचं संभाजी उद्यान, त्याच्या नावाचंच स्टेशन आहे, कोथरूडवरून गाडी बदलायलाही नको. दिवाळीत तिथं किल्ले मांडलेले असतात ते तर चुकवूच नका. माझ्या मुलीनं तिथले किल्ले बघून घरी येऊन आमच्या किल्ल्याचा बुरूज पाडला आणि नव्यानं बांधला, म्हणाली आपला दरवाजा समोरून दिसतोय, शत्रू सरळ आत येईल.

एम्प्रेस गार्डन माझी स्वतःची सगळ्यात आवडती. 39 एकर जागा, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते, आत जायला तिकीट आहे पण ते वसूल होतं. 26 जानेवारीच्या आसपास पुष्पप्रदर्शन असतं तेव्हा गर्दी फार, लहान मुलांना घेऊन मी त्या दिवसांत नाही जात. एरवी जायचं, सकाळी. झाडं इतकी जुनी आणि मोठी आहेत की उन्हाळ्यातसुद्धा खाली गारवा असतो, मोठाल्या वेली लोंबत असतात, खेळायची जागा आहे पण खरं तर तिथं मुलांना खेळणी लागतच नाहीत. आम्ही चटई टाकतो, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, काकडी, दही. मुलं काड्या गोळा करतात, मुंग्यांची रांग कुठं जाते ते बघत अर्धा अर्धा तास उकिडवी बसतात. सासूबाईंनी एकदा सूरपारंब्या कसं खेळायचे ते सांगितलं, तर शेजारच्या चटईवरची चार मुलं पण येऊन बसली ऐकायला, आणि मग आठ-दहा जणांचा विषामृतचा डाव झाला तो निघेपर्यंत चालला. कोण कुणाचं नाव विचारत नव्हतं.

बाकी थोडक्यात सांगते. कमला नेहरू पार्क संध्याकाळी तासाभरासाठी छान, लहान मुलांना चांगलं. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान दहा एकरांचं, जपानी पद्धतीचं, ती शांतपणे बघायची बाग आहे, पूल आहेत, पाण्यात रंगीत मोठे मासे आहेत, तिथं झोके शोधायला जाऊ नका म्हणजे मुलं हिरमुसणार नाहीत. कात्रजचं प्राणिसंग्रहालय 130 एकर आहे, चालून मुलांचे पाय दुखतात, पाण्याच्या बाटल्या न्या आणि बुधवारी जाऊ नका, बंद असतं. आणि तळजई आणि वेताळ टेकडी! टेकडीवर एकही झोका नाही पण दगडावरून दगडावर उड्या मारणं हे साडेतीन वर्षांच्या मुलासाठी कुठल्याही जंगल जिमपेक्षा भारी आहे असं माझं ठाम मत आहे. तळजईला सकाळी लवकर गेलात तर मोरांचा आवाज हमखास.

आता ज्याचा त्रास होतो ते पण लिहिते. बहुतेक सार्वजनिक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या, दुपारी बंद. रविवारी लहान मुलांचं आवरून, नाश्ता करून, आजीला घेऊन निघेपर्यंत दहा वाजतातच, बागेत पोचून मुलं जरा रमली की शिट्टी वाजते. वॉचमनकाकांचा यात काही दोष नाही, त्यांना सांगितलंय ते करतात. पण थंडीत आणि पावसाळ्यात दुपारची बाग किती छान असते, तेवढे महिने तरी रविवारी दिवसभर उघडी ठेवता येणार नाही का? साफसफाई सोमवारी दुपारी करा.

आणि दुसरं म्हणजे गेट. दुचाकी आत येऊ नये म्हणून लोखंडी आडवेतिडवे पाइप लावलेले असतात, ते बरोबर आहे, पण त्यातून बाबागाडी जात नाही आणि व्हीलचेअर तर नाहीच नाही. आमच्या सोसायटीतली एक मुलगी व्हीलचेअर वापरते, माझ्या मुलीची मैत्रीण. आम्ही तिला घेऊन एका बागेत गेलो तर गेटशी तिच्या बाबांनी तिला उचललं, मग खुर्ची घडी करून पाइपांवरून पलीकडे दिली, आणि तेवढ्या वेळात मागं रांग लागली आणि सगळे बघत होते. ती काही बोलली नाही पण पुढच्या रविवारी येते का विचारलं तर नको म्हणाली. बाजूला एक छोटं दार, वॉचमनकडे किल्ली, एवढंच पाहिजे हो. आत एक गोल चक्र जमिनीच्या लेव्हलला असेल तर खुर्चीसकट फिरता येईल, आणि बाकीची मुलं आपोआप तिच्याबरोबर खेळतील, मुलांना त्याचं काही वाटत नाही.

तर माझी विनंती तुम्हाला आहे, महापालिकेला नंतर. दर रविवारी पुरवणीत एक बाग द्या. मोठा लेख नको, कौतुक पण नको. किती वाजता उघडते, कधी बंद असते, तिकीट किती, बाथरूम उघडं असतं का, प्यायचं पाणी, सावली, झोक्याखाली काय आहे, किती वर्षांच्या मुलांना योग्य, व्हीलचेअर जाते का, कुठली बस किंवा कुठलं मेट्रो स्टेशन. एवढं एका चौकटीत बसतं. आणि फक्त पेठा आणि कोथरूडच नको, हडपसर, धनकवडी, येरवडा, बिबवेवाडी, तिकडच्या आयांना कुठं जायचं ते मला पण माहीत नाहीये आणि मला जाऊन बघायचंय. माझी बहीण निगडीला असते, ती पिंपरी-चिंचवडचं लिहून द्यायला तयार आहे.

मी आत्तापर्यंत 19 बागा मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवल्यात, वरची सगळी माहिती आहे, काही ठिकाणी मुलीनं झोक्याचं चित्र काढून शेजारी मार्क पण दिलेत. वही तुमच्या ऑफिसमध्ये आणून देते, झेरॉक्स काढून घ्या, फक्त वही परत द्या, कारण येत्या रविवारी विसावी बाग आहे आणि त्याचं पान तिनं आधीच आखून ठेवलंय.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे