मनाला टोचत नाही म्हणून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. भागीदाराला त्याच्या वाट्याचा पुरता हिशेब तू दिला नाहीस, आणि वर लिहितोस, 'मनाला टोचत नाही, मग पाप कसलं?' या वाक्यापाशीच मी अडकलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

बायबलमधलं, प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र काढ, चौथा अध्याय. तो म्हणतो, माझं मन मला कशाचाही दोष देत नाही, पण तेवढ्यानं मी निर्दोष ठरत नाही. माझा न्याय करणारा प्रभू आहे. आतल्या आवाजाला तो कमी लेखत नाही. परराष्ट्रीयांच्याही, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्याही, अंतःकरणावर नियम लिहिलेला आहे आणि त्यांची सद्सद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते, हे रोमकरांना सांगणाराही तोच. पण साक्षीदार वेगळा आणि न्यायाधीश वेगळा. साक्षीदार गप्प बसू शकतो, त्याला गप्प बसवताही येतं.

तू थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचा आधार घेतलास. चुकलेली विवेकबुद्धीही माणसाला बांधते, तिच्याविरुद्ध जाणं पापच, हे त्यानं तेराव्या शतकात लिहिलं, खरं आहे. पण त्याला लागूनच तो विचारतो, अशा चुकलेल्या बुद्धीप्रमाणे वागणारा दोषमुक्त होतो का? जे कळायला हवं होतं ते आळसानं कळून घेतलं नाही, तर ते अज्ञान सबब होत नाही, असं त्याचं उत्तर आहे. तू तिथवर गेलाच नाहीस.

आणि बायबलमधला दावीद राजा! आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको नेली, त्याला लढाईच्या तोंडी दिलं, तरी राजाचं मन गप्पच. नाथान संदेष्ट्यानं एका श्रीमंतानं गरिबाची एकुलती कोकरी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र तो संतापला, त्या श्रीमंताला मरणदंडच हवा म्हणाला. मला त्या संतापाची भीती वाटते. विवेक मेला नव्हता रे, दुसऱ्याच्या अपराधासाठी तो चांगला जागा होता. 'तो मनुष्य तूच आहेस,' हे बाहेरून कुणीतरी म्हणावं लागलं.

मलाही ताईनं म्हणावं लागलं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी दरमहा पैसे पाठवायचो आणि निवांत झोपायचो. एकदा ताईनं विचारलं, "आईचा आवाज शेवटचा कधी ऐकलास?" आठवेना. पापनिवेदनाला, धर्मगुरूपुढे पापं कबूल करायला, मी कितीदा गेलो होतो, पण ही गोष्ट कधी ओठांवर आली नव्हती, कारण ती मनातच नव्हती.

नसलेल्या दोषानं पोखरून निघणारी माणसंही असतात. देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे, हे योहानाचं वाक्य त्यांना आधार देतं. तुझं दुखणं ते नाही.

आजवर तू फक्त स्वतःलाच विचारलंस. आता हिशेबाची वही घेऊन भागीदाराकडे जा, सगळे आकडे त्याच्यापुढे ठेव आणि तो काय म्हणतो ते ऐक. प्रार्थनेत तुम्हा दोघांचीही नावं घेतो आहे. भेट झाली की लगेच लिही.

तुझाच,
मित्र