बातमीतली आई आणि रजिस्टरातली आई

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

जन्मदर घटल्याची बातमी आली की तिच्या शेजारचे छायाचित्र बहुधा ठरलेले असते. लॅपटॉप उघडून बसलेली तरुणी. मजकूरही पाठ झालाय: मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, लग्ने तिशीपर्यंत गेली आणि म्हणून पाळणे हलेनासे झाले. आरोग्य उपकेंद्रात माझी सारी नोकरी गेली. ही तरुणी मला तिथल्या रजिस्टरात क्वचितच भेटली.

शहरांत पहिलटकरणींचे वय वाढले आहे, हे मला अमान्य नाही. पण देशाचा आकडा त्यांनी खाली आणलेला नाही. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे सरासरी ३.४ मुले होती, २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत ती २ वर आली. लोकसंख्या टिकून राहायला २.१ लागतात. महाराष्ट्र तर १.७ वर आहे. आता दक्षिण कोरिया पाहा. तिथे २०२३ मध्ये हे प्रमाण ०.७२ झाले, आणि तिथली बाई पहिल्यांदा आई होते ती सरासरी ३३ व्या वर्षी. आपल्याकडे मात्र पंचविशी ओलांडलेल्या निम्म्याअधिक बायका बाविशीच्या आतच आई झालेल्या आहेत. मुले ३.४ वरून २ वर आली तरी पहिल्या बाळंतपणाचे वय म्हणावे तसे सरकलेच नाही.

मग घट झाली कशी? ऑपरेशनने. त्याच पाचव्या पाहणीत विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झालेले आढळले. तेही बहुतेकींचे पंचवीस-सव्वीसच्या आसपास. अठरा-एकोणिसाव्या वर्षी लग्न, लगोलग पहिले, दोन वर्षांत दुसरे, की ‘एकदाचं उरकून टाका बाई,’ म्हणत सासू सुनेला घेऊन दारात हजर. मी तांबीचे सांगायचे, माला-एनच्या गोळ्या दाखवायचे. २०१७ नंतर ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळीही हाताशी आली. पण तांबी पोटात वर चढते, गोळीने अंग सुजते, या समजुतींपुढे माझे काही चालायचे नाही. पाळणा लांबवायचा म्हणजे दोन बाळंतपणांत अंतर ठेवायचे, हे भिंतीवर रंगवून पिढ्या गेल्या. आम्ही पाळणा लांबवला कमी आणि लवकर बंद केला जास्त. ऑपरेशनांचे टार्गेट १९९६ मध्ये कागदावरून गेले. मार्चअखेरच्या बैठकीतून जायला मात्र तयार नव्हते.

पुरुषांच्या नसबंदीचा त्याच पाहणीतला आकडा मुद्दाम वेगळा देते. ०.३ टक्के. १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदीची ऑपरेशने झाली, त्यांत पुरुषच अधिक होते. ती जबरदस्ती होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. पण त्या धास्तीने पुरुष जे उठून गेले ते परत आलेच नाहीत, आणि सगळा भार पंचविशीतल्या बाईच्या पोटावर आला.

वयाच्या रकान्याबद्दल एक कबुली द्यायची आहे. नाव नोंदवायला आलेली मुलगी दिसायला सोळा-सतरांची असे. वय विचारले की ती आधी सासूकडे बघे. सासू म्हणे, ‘लिहा एकोणीस.’ शाळेचा दाखला मागितला तर तो माहेरी राहिलेला असे. मी एकोणीस लिहिले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. खरे वय लिहिले तर बालविवाहाची कलमे लागणार, या भीतीने ती दवाखान्याचे तोंडच बघणार नाही, हे माझे तेव्हाचे समर्थन. आजही ते मला पुरते पटत नाही. पुढे ऑपरेशनसाठी वय बाविसाच्या वर हवे, असा नियम. तिथे तीच वाढवलेली दोन वर्षे पुन्हा कामी येत. कागदावर तेवीस, प्रत्यक्षात एकवीस, दोन मुले आणि नळ्या बांधलेल्या. त्यामुळे आईच्या वयाचे तक्ते बघताना मी मनातल्या मनात एक-दोन वर्षे वजा करते. (घरोघरच्या पाहणीतही सासू शेजारी बसलेली असतेच की.) अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण बायकांचे प्रमाण पाचव्या पाहणीने २३.३ टक्के सांगितले आहे. ते मला कमीच वाटते.

२०२४ मध्ये आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी जास्त मुले होऊ द्या, असे आवाहन केले आणि तिथल्या स्थानिक निवडणुकांतली दोन मुलांची अटही निघाली. आवाहन नेमके कोणाला आहे? पंचविशीत ऑपरेशन झालेली बाई चाळिशीच्या आत सासू होते, तिने ते ऐकून काय करायचे? आणि आयव्हीएफच्या जाहिराती ज्या थोड्या जणींसाठी आहेत, त्यांना मुले किती हवीत हे सांगायला मुख्यमंत्री लागत नाहीत.

आपणाला एक विनंती आहे. पुढच्या वेळी जन्मदराचा आकडा छापाल तेव्हा त्याच्या शेजारी दोन आकडे आणखी द्या: पहिल्या बाळंतपणाचे वय आणि ऑपरेशनचे वय. दोन्ही सरकारी अहवालांत मिळतात. जागा कमी पडली तर लॅपटॉपवाल्या मुलीचे छायाचित्र काढा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका