राइट कन्सर्न समजावून सांगणाऱ्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई, नमस्कार.

हे तुम्हाला वेगळं लिहून पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे समजावलंत ते फक्त आमच्या टीमपुरतं राहू नये असं फार वाटतं. मोंगोडीबी हा डेटाबेस वापरणाऱ्या कितीतरी टीम्स अजून राइट कन्सर्नच्या, म्हणजे कोणाकोणाची पोच आल्यावर राइट झालं म्हणायचं त्याच्या, आमच्या तेव्हाच्या सेटिंगवरच चालू असतील आणि जोपर्यंत प्रायमरी, म्हणजे राइट्स घेणारी मुख्य मशीन, पडत नाही तोपर्यंत कोणाला काही कळणारही नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी काय झालं ते सांगतो. तीन मेंबरचा रेप्लिका सेट, म्हणजे एकाच डेटाबेससाठी मिळून चालणाऱ्या तीन मशीन, एक प्रायमरी, एक तिची प्रत ठेवणारी सेकंडरी, एक फक्त मत देणारा आर्बिटर, व्हर्जन ४.४. प्रायमरीचा बाकीच्या दोघांशी संपर्क तुटला पण अ‍ॅपशी तुटला नाही, म्हणजे अ‍ॅप तिच्याकडे लिहीतच राहिलं आणि ती पण प्रत्येक इन्सर्टला ओके देत राहिली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपल्याला मेजॉरिटी, म्हणजे बहुमत, दिसत नाहीये, मग ती खाली उतरली, तोवर तिकडे सेकंडरी आणि आर्बिटर मिळून इलेक्शनने नवीन प्रायमरी निवडून मोकळे. अ‍ॅप लगेच सावरलं. पण मग सपोर्टकडे फोन यायला लागले की आमच्याकडे ऑर्डर कन्फर्म झाल्याचा मेसेज आहे आणि तुम्ही म्हणताय ऑर्डरच नाही. आमच्या लॉगमध्ये त्या ऑर्डर होत्या, डेटाबेसने ओके दिल्याची नोंद होती, एरर शोधून सापडत नव्हता, आणि कलेक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या टेबलासारख्या संग्रहात, मात्र रेकॉर्ड नाही.

त्या वेळी तुम्ही दुसऱ्या टीममध्ये, तुमच्या कामाशी याचा काही संबंध नाही, तरी कॉलवर आलात. आणि पहिलं वाक्य काय बोललात, तर जुन्या प्रायमरीची डेटा डिरेक्टरी कोणी पुसू नका. ताई, त्या एका वाक्यासाठी किती आभार मानू, कारण आमच्यातलं कोणीतरी नेमकं तेच करायच्या बेतात होतं, डिरेक्टरी साफ करून इनिशियल सिंक (सगळा डेटा दुसऱ्या मेंबरकडून नव्याने कॉपी) मारू म्हणजे सगळं क्लीन होईल म्हणून. जुनी प्रायमरी परत जोडली गेली तेव्हा तिच्याकडचे जे राइट्स नवीन प्रायमरीकडे पोचलेच नव्हते ते तिने रोलबॅक केले, म्हणजे मागे घेतले होते, पण रोलबॅक करताना ती डॉक्युमेंट्स फेकून देत नाही, डेटा डिरेक्टरीत रोलबॅक नावाच्या फोल्डरमध्ये बीसन (मोंगोचा डेटा फॉरमॅट) फाइल करून ठेवते. सबफोल्डरला कलेक्शनचं नाव नसतं, युयुआयडी (एक लांबलचक ओळख क्रमांक) असतो, तो कुठल्या कलेक्शनचा ते कसं जुळवायचं हेही तुम्हीच दाखवलंत, मग बीसनडंप या टूलने फाइल उघडली आणि हरवलेल्या ऑर्डर एकेक करून समोर आल्या. त्या परत टाकताना पण घाई करू दिली नाहीत, मधल्या काळात काही कस्टमरनी तीच ऑर्डर पुन्हा दिली असेल, आधी ते तपासा म्हणालात. बरोबर होतं ते, तशा होत्याच.

इथे तुम्ही थांबला असतात तरी आम्ही ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी परत बसलात आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून एकच प्रश्न शिकवलात जो मी आता प्रत्येक राइटला विचारतो, की ही पोच कोण देतंय आणि नक्की कशाची देतंय.

राइट कन्सर्नमध्ये डब्ल्यू म्हणजे किती मेंबरची पोच हवी ते. डब्ल्यू शून्य म्हणजे कोणीच काही सांगणार नाही, पाठवलं आणि विसरलं. डब्ल्यू एक म्हणजे फक्त प्रायमरी सांगते की मी लावलं, आणि तेही जर्नलची, म्हणजे क्रॅशनंतर सावरायला डिस्कवर ठेवतात त्या नोंदवहीची, अट घातली नसेल तर मेमरीत लावलं एवढंच, डिस्कवर गेलं असं नाही, कारण जर्नल डिफॉल्टने साधारण १०० मिलिसेकंदांनी डिस्कवर उतरतं. आमचं डिफॉल्ट हेच होतं, ४.४ पर्यंत कोणी काही सांगितलं नाही तर डब्ल्यू एकच धरलं जायचं.

मग आमच्या एका मित्राने विचारलं की जे ट्रू (जर्नलची अट) केलं तर झालं ना, जर्नलमध्ये गेलं म्हणजे सेफ. तुमचं उत्तर मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. जर्नल त्या मशीनला तिच्या स्वतःच्या क्रॅशपासून वाचवतं, इलेक्शनपासून नाही. आमच्या हरवलेल्या ऑर्डर जुन्या प्रायमरीच्या डिस्कवर व्यवस्थित होत्या की, म्हणून तर सापडल्या, पण बाकीच्या सेटला त्या माहीतच नव्हत्या म्हणून रोलबॅक झाल्या. डब्ल्यू एक आणि जे ट्रू अशी जोडी लावून निर्धास्त बसलेले लोक मी नंतर बरेच पाहिले, त्यांना आता तुमचंच वाक्य ऐकवतो.

डब्ल्यू मेजॉरिटी म्हणजे मग बहुमताने कबूल केलेलं, आणि जे बहुमताकडे गेलंय ते इलेक्शननंतरही टिकतं कारण नवीन प्रायमरी व्हायला ज्यांची मतं लागतात त्यांच्यात ते राइट असलेला कोणीतरी असतोच आणि मागे राहिलेल्या मेंबरला तो मत देत नाही. तीनमध्ये दोन, पाचमध्ये तीन. आणि रेप्लिका सेटच्या कॉन्फिगमध्ये कोणी मुद्दाम बदललं नसेल तर मेजॉरिटीत जर्नल धरलेलंच असतं, वेगळं लिहावं लागत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती आर्बिटरची गोष्ट. आमचा प्लॅन साधा होता, ५.० पासून डिफॉल्ट मेजॉरिटी झालंय ना, मग अपग्रेड करू आणि विषय संपवू. तुम्ही म्हणालात थांबा, तुमच्या सेटमध्ये ते होणार नाही. आर्बिटर असेल आणि डेटा ठेवणारे मेंबर बहुमताच्या आकड्यापेक्षा जास्त नसतील तर ५.० सुद्धा डिफॉल्ट डब्ल्यू एकच ठेवतं. आमचे डेटा ठेवणारे दोन, बहुमत दोन, म्हणजे अपग्रेड करूनही आम्ही तिथेच राहिलो असतो आणि वर सुटलो असं समजून बसलो असतो! बरं हाताने मेजॉरिटी लावावं तर आर्बिटर मत देतो पण डेटा ठेवत नाही, त्यामुळे एकुलती एक सेकंडरी बंद पडली की मेजॉरिटीची पोच द्यायला कोणी उरतच नाही, राइट्स लटकतात. म्हणून आधी आर्बिटर काढून तिथे खरा डेटा ठेवणारा मेंबर आणला, मग डिफॉल्ट सेट केलं. तेही कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसला जोडताना देतात त्या ओळीत) प्रत्येक सर्व्हिसने आपापलं लिहिण्यापेक्षा सेट-डिफॉल्ट-आरडब्ल्यू-कन्सर्न कमांडने पूर्ण क्लस्टरला एकदाच, जी ४.४ मध्येच आलेली आहे, म्हणजे अपग्रेडची वाट बघायचीही गरज नव्हती. फक्त कुठल्या सर्व्हिसने स्ट्रिंगमध्ये स्वतःचं डब्ल्यू लिहिलं असेल तर तिथे तेच चालतं, ते शोधून काढायचं काम तेवढं उरतं.

आणि डब्ल्यूटाइमआउट, म्हणजे पोचेची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा! याच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात आणि मीही इथे सगळ्यांना हात जोडून सांगतो की हे नीट वाचा. तो दिला नाही आणि मागितलेली पोच मिळण्यासारखी परिस्थिती नसेल तर ऑपरेशन अडकून राहू शकतं, म्हणून तो द्यायचा. पण तो संपून एरर आला याचा अर्थ राइट झालं नाही असा होत नाही. प्रायमरीवर ते लागलेलं असतं, मोंगो ते मागे घेत नाही, थोड्या वेळाने बहुमताकडे जाऊन पक्कंही होऊ शकतं. एरर फक्त एवढंच सांगतो की दिलेल्या वेळात पोच आली नाही. आता एरर आला की नवीन आयडीने परत इन्सर्ट करणारा कोड असेल तर एकाच ऑर्डरच्या दोन होणार. तुम्ही आमच्याकडून ऑर्डरचा आयडी अ‍ॅपमध्येच आधी बनवून घेतलात, म्हणजे परत पाठवलं तरी तोच आयडी जातो आणि डुप्लिकेट की म्हणून अडतं, आणि डुप्लिकेट आलं तर घाबरून न जाता रीड कन्सर्न मेजॉरिटीने (म्हणजे बहुमताकडे पोचलेलंच दिसेल असं) वाचून बघायचं की पक्कं झालंय का. ड्रायव्हरचे, म्हणजे अ‍ॅपला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचे, रिट्रायेबल राइट्स (आपोआप परत पाठवले जाणारे) नेटवर्क तुटलं किंवा प्रायमरी बदलली तर कामाला येतात, डब्ल्यूटाइमआउटचा एरर मात्र त्यांच्या भरवशावर सोडता येत नाही, तो आपणच हाताळायचा.

सगळीकडे मेजॉरिटी लावत सुटा असंही तुम्ही म्हणाला नाहीत, हे मला फार आवडलं. पेज बघितल्याच्या नोंदी, सर्च हिस्टरी वगैरेला डब्ल्यू एक ठेवलंय, चार नोंदी गेल्या तर कोणाचं नुकसान नाही. ऑर्डर आणि पेमेंट मात्र मेजॉरिटीच, तिथे सेकंडरीपर्यंत जाऊन यायचा वेळ लागतो तो लागू दे. ट्रान्झॅक्शनमध्ये राइट कन्सर्न आतल्या एकेका ऑपरेशनला नाही, पूर्ण ट्रान्झॅक्शनला द्यायचा हेही तेव्हाच कळलं, नाहीतर एरर खाऊन शिकलो असतो.

तुम्ही सांगितलेला इतिहास आमच्या टीममधल्या नवीन मुलांना मी आवर्जून सांगतो, की २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये ड्रायव्हरमध्ये मोंगोक्लायंट हा नवा क्लास आला त्याच्या आधी ड्रायव्हर डिफॉल्टने पोचेची वाटच बघत नसत, मग डब्ल्यू एक डिफॉल्ट झालं, मग ५.० ला मेजॉरिटी. डिफॉल्ट बदलत आलंय, म्हणून आपण चालवतोय त्या व्हर्जनचं आणि आपल्या सेटचं डिफॉल्ट काय ते गेट-डिफॉल्ट-आरडब्ल्यू-कन्सर्नने विचारून घ्यायचं.

ताई, तुम्हाला हे सगळं करायची काही गरज नव्हती. ज्या कस्टमरची ऑर्डर परत मिळाली त्यांना तुमचं नाव कधी कळणार नाही, पण आम्हाला माहितीये. ८.० चं वाचलं, त्यात मेजॉरिटीची पोच आता सेकंडरींनी ऑपलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) नोंद लिहिली की मिळते, ती प्रत्यक्ष डेटावर लागेपर्यंत थांबत नाहीत, म्हणजे लगेच सेकंडरीवरून वाचलं तर आपलंच राइट दिसेल याची खात्री नाही, त्यासाठी कॉझल कन्सिस्टन्सीचं सेशन लागेल असं मला समजलंय. आमचे काही रिपोर्ट सेकंडरीवरून वाचतात, ते अपग्रेडच्या आधी तपासायला घेतलेत. तुम्हाला वेळ असेल तेव्हा एकदा नजर टाकाल का?

तुमचा आभारी,
ऑर्डर टीममधला एक जण