दोनच आहे ना?

प्रिय सुमे,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझी पाठ तशीच, गोळी चालू, आईचं बरं आहे. फोनवर हे बोलता आलं नसतं. तू मध्येच "बरोबर आहे, पण" म्हणतेस आणि पुढचा अर्धा तास आपण भांडतो. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

आमच्या कोपऱ्यातल्या बेडवर एक काका आहेत. उसाची ट्रॉली उलटली, डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या, छातीत आयसीडी म्हणजे ड्रेनची नळी टाकली आहे, व्हेंटिलेटर चालू. सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, इतकं, की हाक मारली तर पापणी हलते, पण नजर लागत नाही. मान हलवून हो-नाही सांगायचा प्रश्नच नाही. म्हणजे दुखणं मोजायच्या आपल्या तक्त्याच्या त्या चार ओळी भरायच्या: चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी जमतंय की झगडतोय. प्रत्येकाला शून्य ते दोन, सगळे मिळून आठ. आधी मिनिटभर नुसतं उभं राहून बघायचं, मग कूस बदलताना बघायचं. हो, करते मी. तुझ्या त्या कॅनडाच्या झेलिनाबाईंनी 2006 मध्ये तक्ता काढला आणि आमच्या आयसीयूत तो आला तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली होती, हे तू लताला सांगितलंस. लता अजून हसते.

तर कूस देताना काकांच्या भुवया आक्रसल्या. एक. व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला आणि आपला आपण थांबला. एक. हात जागचा हलला नाही, कोपर दुमडून पाहिलं तर सैल. म्हणजे दोन. औषधाचा विचार तीनपासून. डॉक्टरांनी लांबूनच मॉनिटरकडे पाहिलं. "बीपी, पल्स मस्त आहेत. दोनच आहे ना, सिस्टर?"

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला इतकं सेडेशन दिलंय त्याने तोंड वाकडं तरी किती करायचं? आणि बीपी-पल्सवर एकट्यावर भिस्त ठेवू नका, ते वाढले तर नीट बघायला लागा एवढाच त्यांचा उपयोग, हे 2018 च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये छापलेलं आहे. मी म्हणाले नाही. शिंदे मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, तेही पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल असं.

खरी गोष्ट दुपारी झाली. व्हिजिटिंगला काकू आल्या. नातेवाईक येतात ते आधी तोंड बघतात, मग मशीन. या बाईंनी चादर बाजूला करून थेट उजवा हात बघितला आणि म्हणाल्या, "दुखतंय यांना. अंगठा आत घेतलाय." म्हटलं, म्हणजे? "यांचं असंच हाय. पायावर कोयता बसला तवा बी हूं का चूं केलं नाही, नुसता अंगठा मुठीत."

पुढची कूस द्यायच्या वेळी मी चेहरा ब्रदरवर सोपवला आणि हातावर डोळा ठेवला. वळवायला लागलो तसा अंगठा हळूच तळव्यात गेला, वरून चार बोटं आली, नखं पांढरी पडेपर्यंत. मनगटाच्या वर सगळं सैल. ओळीत बसवू कुठे हे? दिवसाच्या डॉक्टरांनी स्वतः येऊन बघितलं, वाद न घालता फेंटॅनिलचा बोलस, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या औषधाचा एकदम द्यायचा डोस, लिहिला. थोड्या वेळात मूठ उघडली. तेव्हापासून कूस बदलायच्या आधी बोलस जातो. वेदना कमी करायची तर ती आधी, नंतर नव्हे, हे शिकायला आपल्याला वीस वर्षं लागावीत! 2001 चा तो मोठा अमेरिकन अभ्यास तूच वाचायला लावला होतास ना? सक्शन, ड्रेन काढणं, सगळं तपासलं आणि मोठ्या माणसांना सर्वांत जास्त दुखलं काय, तर कूस बदलणं. जे आपण दर दोन तासांनी करतो आणि वर "कम्फर्ट केअर" म्हणून टिक करतो.

मी नोट्समध्ये लिहिलं: "पत्नीच्या सांगण्यानुसार उजव्या हाताचा अंगठा मुठीत घेणे हे वेदनेचे लक्षण, कूस बदलताना दिसले, बोलसनंतर गेले." इनचार्जनी बोलावलं. घरच्यांची मतं नोट्समध्ये लिहायची नाहीत, उद्या केस झाली तर काय, आकडा लिहा आणि सही करा. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा विषय घेणार आहेत. घरच्यांना विचारा, हेही त्याच गाइडलाइनमध्ये आहे, पण ते सांगायचं कुणाला?

आता तू म्हणशील, बघ, शेवटी माझ्याच तक्त्याला शिव्या. तसं नाही गं. तक्ता नव्हता तेव्हा "पेशंट तळमळतोय" म्हटलं तर "तळमळतातच" असं उत्तर मिळायचं. पाच लिहिलं की औषध लिहायला डॉक्टरांचा पेन बाहेर येतो, हे मान्य. पण आकडा कमी आला की तोच आकडा तोंडावर फेकला जातो. दोन म्हणजे दुखणं दोन आणे, असं कुणी कधी सांगितलं? किती खुणा दिसल्या एवढंच ते सांगतं. मागे एकाला वेक्युरोनियम, ते स्नायू लुळे करणारं औषध, चालू होतं, बोट हलवायची सोय नाही, आणि रात्रभर चारी रकान्यांत शून्यं. सुंदर अक्षरात. अशा वेळी तक्ता बाजूला ठेवून दुखतंय असंच धरायचं, हे लिहिणारीला माहीत नव्हतं असं नाही. रकाना रिकामा राहिला तर पुढच्या ड्यूटीला ओव्हर घेणारी बोंब मारते ना!

हॉस्टेलच्या आमटीला तू चेहरे काढून मार्क द्यायचीस ते आठवलं. रडका चेहरा कायमचा. मेसवाल्या काकांनी तो कागद बघून दुसऱ्या दिवशी आमटीत आणखी पाणी घातलं, आणि मार खाल्ला मी.

तर काम असं. घरच्यांनी सांगितलेली खूण नोट्समध्ये कशी लिहायची, की ती मतही वाटणार नाही आणि कुणाला खोडताही येणार नाही, ते वाक्य मला करून पाठव. सोमवारच्या आत. तू मुलींना शिकवतेस, तुझ्या भाषेला वजन आहे, मी लिहिलं की तक्रार वाटते. आणि तुझ्या कॉलेजात घरच्यांना काय विचारायचं याचा काही कागद असेल तर तोही: "दुखलं की हे काय करतात?" एवढा एक प्रश्न अ‍ॅडमिशनलाच विचारला तरी पुष्कळ. काकूंना आम्ही विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं.

सासूबाईंचा गुडघा कसा आहे? चिन्मयने शेवटी सायन्सच घेतलं का? फ्लॅटचं पझेशन मिळालं असेल तर फोटो पाठव, किचनचा खास. दिवाळीत येणार म्हणतेस, पण तू काय, मागच्या वर्षीही म्हणाली होतीस.

काकांची ट्यूब या आठवड्यात काढायचं चाललंय. बोलायला लागले की पहिलं विचारणार आहे, त्या दिवशी किती दुखत होतं म्हणून. ते "काही नाही" म्हणणार, हे काकूंनी आत्ताच सांगून ठेवलंय.

तुझी,
वंदी

ता.क. वाक्य लहान कर. आमच्या रकान्यात दीड ओळच मावते.