कोचीला पहिल्यांदाच निघालायस म्हणून

सोलापूर
रविवार, रात्री

प्रिय मालक,

काकूंना साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "कोचीतले दहा बेस्ट स्पॉट पाठव." दहा स्पॉट काय बे, मोबाईलवर शंभर सापडतील, त्याला मी कशाला पाहिजे? पण तू पहिल्यांदाच चाललायस, बरोबर काकू आहेत, लेक आहे आणि फिरायला तीनच दिवस आहेत, म्हणून जरा बैजवार लिहितो. जेवण झालंय, घरातले झोपलेत, तेव्हा पत्र लांबणार.

तिकीट काढायच्या आधी वार बघ. कोचीच्या मट्टनचेरी भागातला राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्यूंचं प्रार्थनामंदिर, म्हणजे परदेशी सिनेगॉग, शनिवारी बंद असतं आणि शुक्रवारी दुपारनंतरचाही भरवसा नाही. लोक शुक्रवार-शनिवार जोडून जातात आणि नेमक्या याच दोन गोष्टी चुकवून, मासेमारीच्या जाळ्यांपुढं फोटो काढून परत येतात. कोचीत एवढंच बघून यायचं असेल तर जाऊच नये. तू मंगळवार, बुधवार, गुरुवार धर.

शनिवार बंद का, ते तुला सांगायला नको. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, तेलाच्या घाण्याचा धंदा करायचे आणि शनिवार हा त्यांचा धर्माचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांना धर्माचे पाठ द्यायला कोचीहून ज्यू शिक्षक कोकणात आले होते. म्हणजे तू ज्या गल्लीत जाणार आहेस तिचं आपल्या मुलखाशी जुनं येणंजाणं आहे.

राहायला एर्नाकुलम, म्हणजे कोचीचा मुख्य भूमीवरचा भाग, नको. रेल्वे स्टेशन, कापडाची दुकानं, मॉल, ट्रॅफिक, सगळं तिकडं. ते पुण्यात रोज बघतोसच. मुक्काम पाण्यापलीकडं, फोर्ट कोचीत कर. जुन्या घरांत खोल्या देतात, सकाळचा नाश्ता घरचाच मिळतो. एर्नाकुलमहून पलीकडं जायला रिक्षा करू नकोस, बोटीनं जा. सरकारी बोटीचं तिकीट अगदी किरकोळ आहे, आणि काकूंना चढता-उतरताना त्रास नको असेल तर वॉटर मेट्रो आहे. बॅटरीवर चालणाऱ्या एसी बोटी आहेत त्या, २०२३ साली सुरू झाल्या. हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला येतात. वाटेत गोदीतली मोठाली जहाजं दिसतात, आणि उजाडताना गेलात तर डॉल्फिनसुद्धा. आपल्या सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते आठवून तिथल्या पाण्याकडं बघत बसायचं. मी तरी तेच करतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण हे कळल्याशिवाय ते शहर कळत नाही. कोची हे मुळातलं बंदर नव्हे. मिऱ्यांचा जुना व्यापार चालायचा तो थोडं उत्तरेला, मुझिरिस बंदरातून. रोमन लोक तिथं यायचे. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला. तिकडचं बंदर गाळानं भरलं आणि इकडं कोचीपाशी समुद्राचं तोंड मोठं झालं. व्यापार सरकला, मागोमाग माणसं सरकली. पोर्तुगीज आले १५०० साली, डचांनी त्यांना १६६३ साली हाकललं, इंग्रजांनी डचांना १७९५ साली. सगळे आले ते मिऱ्यांसाठी.

आता एक गंमत. नाव फोर्ट कोची, पण तिथं किल्ला शोधू नकोस. पोर्तुगीजांनी १५०३ साली बांधलेला, हिंदुस्थानातला युरोपीयांचा पहिला किल्ला तो. पुढं इंग्रजांनी पाडून टाकला. आता भिंतीचे तुकडे राहिलेत. आपला सोलापूरचा भुईकोट अजून खंदकासकट उभा आहे आणि आपण त्याच्याकडं ढुंकून बघत नाही, तो भाग वेगळा.

पहिला दिवस सगळाच्या सगळा मट्टनचेरीला दे. फोर्ट कोचीपासून रिक्षानं पाच-दहा मिनिटं. रिक्षावाला "एका दुकानात फक्त पाच मिनिटं" म्हणेल, त्याला कमिशन असतं. हसून नाही म्हण. सकाळी उघडल्या उघडल्या राजवाड्यात शिर. पाटी डच पॅलेस म्हणून आहे, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५च्या सुमारास, कोचीच्या राजाला खूश करायला. डचांनी फक्त डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. बाहेरून बघशील तर म्हणशील, हा कसला राजवाडा, आपल्याकडचा बरा वाडा याहून उंच. आत राजाच्या शयनगृहात ये मग. चारी भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय. तांबडा, पिवळा, हिरवा, काळा, पांढरा, रंग एवढेच, पण कुठं बोटभर भिंत मोकळी नाही. माणसं एकमेकांना चिकटून, डोळे मोठे, दागिने जड. लेकीला आधी काही सांगू नकोस, तिला तिचं तिचं प्रसंग ओळखू दे. खालच्या खोल्यांत गोवर्धन उचलणारा कृष्ण आहे, त्याच्याजवळ काकूंना निवांत थांबू दे. फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे. जमिनीकडंही बघ. काळा संगमरवर वाटतो, पण नारळाच्या करवंट्यांचा कोळसा, चुना, झाडपाल्याचा रस आणि अंड्यातलं पांढरं घालून ती केलीय. अंड्याचं काकूंना बाहेर आल्यावर सांग.

तिथून सिनेगॉग चालत. बांधलं १५६८ साली, राजाच्या जागेवर, त्याच्या देवळाला लागून. पोर्तुगीजांच्या जाचातून सुटून आलेल्या ज्यूंना राजानं आपल्या भिंतीला भिंत लावून जागा दिली, हे मला त्या इमारतीपेक्षा मोठं वाटतं. चपला बाहेर काढायच्या. पायाखाली चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, हातानं रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. लेकीला दोन अगदी सारख्या शोधायला लाव, अर्धा तास शांततेत जाईल. वर काचेची झुंबरं. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६०चा, एका तबकडीवर हिब्रू आकडे, दुसरीवर रोमन. दुपारी मधे बंद असतं, तेव्हा एकच्या आत आटोपायचं. ज्यू मात्र आता तिथं जवळपास उरले नाहीत. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. गल्लीचं नाव अजून ज्यू टाऊन आहे आणि दुकानं काश्मिरी शालींची.

या गल्लीत खरेदी करू नकोस. मसाला घ्यायचा तर बाजार रोडला जा. तिथं जुनी गोदामं आहेत. सुंठ, मिरी, वेलदोडा यांचा वास रस्त्यापर्यंत येतो, हमाल पोती वाहत असतात, हातगाड्यांमुळं चालायला जागा नसते. वहिनी म्हणतील, कुठं आणलंत. पण मला विचारशील तर कोची ती हीच. आपल्या पूर्व भागात तेलुगू, बाजारात कन्नड, घरात मराठी असं ऐकत वाढलेल्या माणसाला मट्टनचेरीत परकं वाटतच नाही. इथं एका चौकात मलयाळम, पुढच्या गल्लीत गुजराती, त्याच्या पलीकडं कोकणी.

कोकणीवरून सांगतो, आणि हे तू मोबाईलवर वाचलेलं नसणार. गोव्यात पोर्तुगीजांचा छळ सुरू झाला तेव्हा पळालेली सारस्वत कुटुंबं कोचीत येऊन राहिली. त्यांचं वेंकटेशाचं मोठं देऊळ चेरलाई भागात आहे, तिरुमला देवस्वम. तिथं बाहेर उभं राहून कान दे, निम्मं बोलणं समजेल. सतराव्या शतकात वान रीड नावाचा डच गव्हर्नर इथं होता. त्यानं मलबारच्या झाडाझुडपांवर लॅटिनमध्ये बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 'होर्टस मलबारिकस', अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला. औषधी माहिती दिली इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यानं आणि रंगा भट, विनायक पंडित, आपू भट या तिघा कोकणी वैद्यांनी. त्यांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात चक्क नागरी अक्षरांत छापलंय. अ‍ॅमस्टरडॅमला, सोळाशे अठ्ठ्याहत्तर साली! मला हे कळलं तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला पकडून सांगितलं, कुणी फारशी दाद दिली नाही. तू तरी दे.

देवळात जायचं तर पुरुषांना शर्ट काढावा लागतो, केरळात बऱ्याच ठिकाणी तसं आहे. लुंगी सोबत ठेव आणि पोट आत घे.

दुसरा दिवस फोर्ट कोचीला. इथं पायी फिर, सगळं जवळजवळ आहे. ती प्रसिद्ध चिनी जाळी सकाळी लवकर बघ, उन्हं चढल्यावर नुसती गर्दी. सागवान आणि बांबूचा सांगाडा, पुढं भलं मोठं जाळं, मागं दोरांना बांधलेले दगड. एक माणूस मधल्या दांड्यावरून पाण्याकडं चालत गेला की त्याच्या वजनानं जाळं खाली जातं. मग चार-पाच जण मागचे दोर ओढतात आणि दगडांच्या भारानं जाळं वर येतं. बहुतेक वेळा त्यात मूठभर मासे असतात. ते लोक तुला दोर ओढायला बोलावतील, नंतर पैसे मागतील, ते द्यावेत. त्यांचं अर्धं पोट आता त्यावरच आहे. जाळी चिन्यांनी आणली की पोर्तुगीजांनी चीनच्या किनाऱ्यावरच्या आपल्या मकाव ठाण्याहून, यावर तिथं दोन गाइड भांडताना ऐकायला मिळतील.

सेंट फ्रान्सिस चर्च दहा मिनिटांचं काम, पण चुकवू नकोस. वास्को द गामा १५२४ साली नाताळच्या आदल्या दिवशी कोचीतच मेला आणि इथं पुरला गेला. १५३९ साली त्याची हाडं पोर्तुगालला नेली. म्हणजे लोक जिथं वाकून फोटो काढतात ती कबर रिकामी आहे. वर बघ, छताला कापडी पंखे टांगलेत, त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात. बाहेर उन्हात बसून दोर ओढणाऱ्यांची नावं मात्र कुठल्याच दगडावर नाहीत. सांताक्रूझ बॅसिलिका रंगीत आहे, वाटेवर आहे, डोकावून ये. आताची इमारत १९०५ची.

टॉवेल-चादरीच्या गावचे आपण, तेव्हा धोबीखाना बघायलाच पाहिजे. कुठल्याही यादीत तो शेवटी असतो, मी वर घेतो. डचांनी सैनिकांचे कपडे धुवायला तमिळ धोबी आणले, त्यांचे वंशज अजून तिथं काम करतात. खळ तांदळाच्या पेजेची, इस्त्र्या जड, कोळशाच्याही. कपडे वाळवायला चिमटे नाहीत. काथ्याच्या दोरीला पीळ देतात आणि पिळाच्या फटीत कपड्याचं टोक अडकवतात. कितीही वारा सुटू दे, पडत नाही. मी तिथून हललोच नाही, शेवटी बायको पुढं निघून गेली.

संध्याकाळी कथकली. खेळाच्या तासभर आधी जा, रंगभूषा प्रेक्षकांसमोरच करतात. हिरवा चेहरा म्हणजे नायक, कडेला पांढरी झालर चढवायलाच किती वेळ लागतो ते बघ. पर्यटकांसाठीचा छोटा प्रयोग असतो, नवरस समजावून सांगतात. जाणकार नाकं मुरडतील. लेकीसाठी तोच बरा.

तिसऱ्या दिवशी लोक हाउसबोटीसाठी अलप्पुळाला पळतात. मी जाणार नाही. हाउसबोटीचं भाडं आणि तिथवरचा प्रवास एवढ्या थोड्या वेळात परवडत नाही. त्यापेक्षा त्रिप्पुणितुराचा हिल पॅलेस बघ, कोचीच्या राजांचा, १८६५चा, आता संग्रहालय आहे. सोमवारी बंद. हिवाळ्यात बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, चालू असलं तर मात्र दिवस तिकडं घाल. जुन्या गोदामांतून चित्रं आणि मांडणशिल्पं असतात. अर्धी कळत नाहीत, गोदामं छान आहेत.

जेवणाचं थोडक्यात. सकाळी अप्पम आणि भाज्यांचा इष्टू, किंवा पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची आमटी. तू मासे खाशील, तर केळीच्या पानातला करिमीन खा. मट्टनचेरीची मटण बिर्याणी आपल्याकडच्यापेक्षा सौम्य असते, उगाच तिखट मागू नकोस. काकूंना मट्टनचेरीत गुजराती शाकाहारी जेवण मिळेल. हॉटेलात गुलाबी रंगाचं गरम पाणी देतात, घाबरू नका, पतिमुखम नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं असतं. सगळीकडं खोबरेल असतं, पहिल्या दिवशी नाक मुरडाल, दुसऱ्या दिवसापासून चालेल.

जून-जुलैत जाऊ नकोस. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, तरी घाम येणारच. आपलं ऊन कोरडं, सावलीत गेलं की सुटका होते. तिथं दिवसभर ओला टॉवेल अंगाला गुंडाळल्यासारखं वाटतं. सुती कपडे जास्त घ्या, आणि दुपारी काकूंना झोपू द्या.

गाडीचं म्हणशील तर पुणे-कन्याकुमारी सोलापूरवरूनच जाते आणि एर्नाकुलमला थांबते. बसायला वेळ खूप, पण काकूंना विमान नको असेल तर हीच. डबा नंबर आणि तारीख कळव. वेळ अडनिडी असली तरी मी स्टेशनवर येतो. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही देतो, रेनिगुंट्यापर्यंत पुरेल.

तुझा
अण्णा

ता. क. येताना बाजार रोडवरून अर्धा किलो मिरी आण, जाड दाण्याची. पैसे गाडीत देतो, आधी मागू नकोस.