ग्रीन कार्ड म्हणजे सातबारा नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या वरूड तालुक्यातील संत्रा बागायतदारांच्या घरांतून अमेरिकेत गेलेली मुले आता चाळिशीला आली आहेत. आईवडिलांचे आजारपण, बागेची वाटणी किंवा कंपनीनेच नागपूरच्या मिहानमध्ये वर्ष-दीड वर्षासाठी दिलेले काम, अशा कारणांनी त्यांतील काही जण थोड्या काळापुरते इकडे येऊ लागले आहेत. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड, म्हणजे तेथील कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्यांना नातेवाईक आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे सल्लागार एकच उपाय सांगतात : वर्ष भरायच्या आत आठ दिवस तिकडे जाऊन यायचे, कार्ड शाबूत राहते. माझ्या सख्ख्या पुतण्याला हा सल्ला भोवता भोवता राहिला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पुतण्या कंपनीच्या कामासाठी दीड वर्षाकरिता नागपूरला आला. येताना त्याने तेथील भाड्याचे घर सोडले, गाडी विकली आणि दोन्ही मुलांची नावे नागपूरच्या शाळेत घातली. अकराव्या महिन्यात, एका सल्लागाराच्या सांगण्यावरून, तो एकटाच आठवडाभरासाठी परत गेला. विमानतळावर त्याला वेगळ्या खोलीत बसवून, घर कुठे आहे, त्यात कोण राहते, पगार कुठे जमा होतो, कर कसा भरता, असे तीन तास विचारण्यात आले आणि शेवटी आय-४०७ हा अर्ज पुढे ठेवण्यात आला. आपण कायम वास्तव्याचा हक्क स्वखुशीने सोडत आहोत, असे लिहून देण्याचा हा अर्ज असतो. त्याने सही केली नाही, ही त्या दिवसातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. सही करण्याची सक्ती नसते आणि नकार दिल्यास प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे मांडण्याचा हक्क असतो, एवढे त्याला ठाऊक होते. नेमणूक ठरावीक मुदतीची असल्याचे कंपनीचे पत्र सुदैवाने बॅगेत निघाले आणि समज देऊन त्याला आत सोडण्यात आले.

मी ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, त्यातली काही वर्षे धारणी तालुक्यात. रहिवासी दाखले किती दिले याची गणती नाही. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणारी कोरकू कुटुंबे महिनोन् महिने गावात नसत, पण घराला कुलूप, शेजाऱ्याकडे सोपवलेली गुरे आणि होळीला परतण्याचा नेम एवढ्यावर ती गावचीच होती आणि त्यांना दाखला देताना माझा हात कधी अडखळला नाही. उलट, वाडा-वावर विकून नागपूरला स्थायिक झालेला आणि दरसाल पोळ्याला हजेरी लावणारा गृहस्थ दाखला मागायला आला की पंचाईत होई. पुतण्याची हकीकत ऐकल्यावर लक्षात आले की अमेरिकेचा कायदाही नेमके हेच तपासतो. बाहेर जाणे तात्पुरते आहे की नाही, आणि बिऱ्हाड कुठे आहे? आपल्याकडे शेत पडीक ठेवले तरी सातबाऱ्यावरचे नाव जात नाही. ग्रीन कार्डाबद्दलही लोकांचा तसाच समज झालेला दिसतो.

सलग १८० दिवसांपेक्षा जास्त काळ बाहेर राहिलेल्या कार्डधारकाला परतताना नव्याने प्रवेश मागणारा समजून तपासता येते, आणि सलग वर्षभर बाहेर राहिल्यास नुसत्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. परंतु वर्षाच्या आत परतलात म्हणजे सुटलात, असेही नाही; बिऱ्हाड हलवल्याचे दिसले तर त्याआधीही वास्तव्य सोडल्याचा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. यावरचा खरा उपाय म्हणजे पुनर्प्रवेश परवाना, ज्याला तिकडे रीएन्ट्री परमिट म्हणतात. आय-१३१ या अर्जावर मिळणारा हा परवाना जास्तीत जास्त २ वर्षांचा असतो, त्याला मुदतवाढ नसते आणि मागील ५ वर्षांपैकी ४ वर्षांहून अधिक काळ बाहेर काढलेल्यांना तो सहसा १ वर्षाचाच मिळतो. तो हाती असला तर केवळ गैरहजेरी लांबली एवढ्याच कारणाने वास्तव्य सोडले, असे ठरवता येत नाही. मात्र अर्ज करताना माणूस प्रत्यक्ष अमेरिकेत असावा लागतो आणि बोटांचे ठसेही साधारणपणे तिथेच द्यावे लागतात. वरूडात बसून तो करता येत नाही. सामानाची बांधाबांध सुरू होण्याच्या दोन महिने आधी, आणि घरातील प्रत्येक कार्डधारकासाठी वेगळा, असा हा अर्ज करायला हवा. परवाना तयार होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तो नंतर इकडच्या वकिलातीतून घेता येतो.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे, म्हणून सासर-माहेरच्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. कार्डधारक आईचे इकडे तात्पुरत्या मुक्कामात जन्मलेले बाळ २ वर्षांचे होईपर्यंत व्हिसाशिवाय तिकडे जाऊ शकते, परंतु जन्मानंतर आई किंवा बाप प्रथमच परतत असेल त्याच फेरीत, त्यांच्याबरोबर. बाळाला आजीजवळ ठेवून आई कार्ड वाचवण्यासाठी आठ दिवस एकटी जाऊन आली, तर तिच्याबरोबरची ती संधी गेली.

कराच्या बाबतीत लोक पैसे वाचवायला जातात आणि हक्क घालवून बसतात. भारतात १८२ दिवस राहिल्यावर इथला निवासी म्हणून कर लागू होतो, हे खरे. पण अमेरिकेचे विवरणपत्र तेवढ्यासाठी अनिवासी म्हणून भरणे म्हणजे आपण तेथील रहिवासी नाही हे स्वतःच लिहून देण्यासारखे आहे. दोन्हीकडे कर भरावा लागल्यास त्याची वजावट मिळण्याची सोय दोन देशांतील करारात आहे.

नागरिकत्वाचा हिशोब आणखी वेगळा. त्यासाठी सर्वसाधारणपणे ५ वर्षांचे अखंड वास्तव्य आणि त्यांतील ३० महिने प्रत्यक्ष हजेरी लागते, आणि वर्षभराच्या गैरहजेरीने ही अखंडता तुटते, हाती पुनर्प्रवेश परवाना असला तरीही. अमेरिकी सरकारच्या, परदेश व्यापार करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या किंवा मान्यताप्राप्त संशोधन संस्थेच्या कामावर आलेल्यांना एन-४७० या अर्जाने ती राखता येते, पण कार्ड मिळाल्यानंतर किमान एक सलग वर्ष तिथे काढलेले असावे लागते आणि बाहेर सलग वर्ष भरण्याच्या आत अर्ज जावा लागतो.

ज्यांचे वर्ष परवान्याशिवाय उलटून गेले आहे, त्यांना मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत एसबी-१ या परतणाऱ्या रहिवाशाच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. परतण्याचा इरादा कायम होता आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, हे तिथे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. अचानक आलेल्या गंभीर आजाराची कागदपत्रे असतील तर निदान बाजू मांडता येते. संत्र्याला यंदा भाव नव्हता म्हणून बाग विकायची राहिली, हे कारण तिथे चालेल असे मला वाटत नाही.

पुतण्या काम संपताच सहकुटुंब परत गेला. सल्लागाराला दिलेली फी परत माग, असे मी त्याला जाण्यापूर्वी सुचवले होते. परंतु जन्मभर पावत्या फाडणाऱ्या काकाच्या या पुतण्याने तिची पावतीच घेतलेली नव्हती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रामसेवक
ता. वरूड, जि. अमरावती