चतुर्थीला येता येणार नाही, म्हणून

कोची, १८ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. या वर्षी चतुर्थीला मी घरी येणार नाही, हे मी गेल्या आठवड्यातच वरिष्ठांना कळवून टाकले. तुम्हाला आधी विचारायला हवे होते. पण बाबांनी लगेच ‘कामाचे बघ’ म्हटले असते आणि आई नुसती गप्प राहिली असती, आणि ते गप्प राहणे मला फोनवर सोसले नसते.

गेल्या वर्षी ३० नोव्हेंबरला आमच्या गोदीतली माहे, मालवण आणि मांगरोळ ही नौदलाची तीन जहाजे एकाच दिवशी पाण्यात उतरली, तेव्हा बाबा, तुम्ही ‘म्हणजे झाले की काम’ असे म्हणाला होतात. होडीचे तसे असेल, पण युद्धनौका तरंगू लागली तरी आतले पुष्कळ काम उरलेले असते. नळ, पंप, यंत्रे आणि केबली बसवायच्या, प्रत्येक जोडणी तपासायची, मग धक्क्यावर आणि शेवटी भर समुद्रात चाचण्या घ्यायच्या. ‘मालवण’च्या केबलींचे काम माझ्याकडे आहे. त्यात चतुर्थीच्या, म्हणजे ७ सप्टेंबरच्या आसपासच मालपे आणि मुळकी ही पुढची दोन जहाजे पाण्यात उतरवण्याची तयारी असल्याने आमची बरीच माणसे तिकडे गुंतली आहेत. अशा वेळी आपल्या गावाचे नाव असलेले जहाज दुसऱ्यावर सोपवून निघणे माझ्याने होत नाही.

वर्तमानपत्रांत आले आहे तेवढेच लिहिते, अधिक विचारू नका. हे जहाज सुमारे ७८ मीटर लांब आहे, पण पाण्याखाली जेमतेम २.७ मीटर बुडते, म्हणून मोठ्या नौकांना जिथे तळ लागण्याची भीती असते तिथे जाऊन ते पाणबुडी शोधू शकेल. उथळ पाण्यात आवाज तळावर आणि पृष्ठभागावर आपटून परततो, शिवाय होड्यांच्या इंजिनांचा गलका असतो, त्यामुळे सोनारवर, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, पाणबुडीचा आवाज वेगळा काढणे अवघड जाते. हे समजून घेताना मला तुमचीच आठवण आली, बाबा. मला होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला बसवून, मागून घट्ट धरून, किल्ल्याजवळच्या पाण्याचा रंग बघून बुडालेला खडक कसा ओळखायचा ते तुम्ही दाखवत होतात. मी तेव्हा घाबरत नव्हते, कारण तुमचा हात होता.

आई, माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. इथेही उकडा तांदूळ मिळतो, बांगडाही मिळतो, त्याला अयला म्हणतात एवढेच. खोलीत पाऊस गळत नाही आणि घरमालकीण मला उपाशी झोपू देत नाही.

आता नीट ऐका. गणपतीवर टांगायची माटवी काढायला बाबांनी माळ्यावर चढायचे नाही, दादाला बोलवायचे. रक्तदाबाची गोळी पूजेच्या गडबडीत चुकवायची नाही. आईने पाटावर बसून करंज्या करायच्या नाहीत, टेबलाशी खुर्ची घ्यावी. गुडघ्यांचे डॉक्टरांनी काय सांगितले ते मला ठाऊक आहे. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलण्याचा विचारही करू नका, त्या आठवड्याची रजा मी आधीच मागून ठेवली आहे आणि ती मिळाली आहे.

आरतीच्या वेळी फोन लावाल ना? मी त्या वेळी जहाजावरून उतरून धक्क्यावर येऊन थांबेन.

तुमची लाडकी,
लेक